पाच गेले, चार परतले

दुसऱ्यांच्या जखमा शिवता शिवता स्वतःच्या दुखण्याकडे बघायचं राहून गेलेल्या सोलापूरच्या एका डॉक्टरची ही गोष्ट. मेडिकल, नर्सिंग, फार्मसी करणाऱ्यांनी तर वाचावीच. पण ज्यांच्या घरात कुणी ना कुणी आजारी माणसाची सेवा करतंय, त्यांनीही वाचावी.

दर वर्षी १० ऑक्टोबरला कॉलेजच्या बोर्डावर एक पोस्टर लागतं. जागतिक मानसिक आरोग्य दिन. एखादं व्याख्यान होतं, फोटो निघतात, स्टेटस पडतात. दोन दिवसांनी त्या पोस्टरच्या जागी परीक्षेचं टाइमटेबल येतं.

याच तारखेला, १९१० साली, सोलापुरात एक मुलगा जन्मला. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. शाळेच्या पुस्तकात कधीतरी हे नाव आपण वाचलेलं असतं. चीनला गेलेले डॉक्टर, एवढं आठवतं. पुढचं बहुतेकांना आठवत नाही. त्यांचा वाढदिवस आणि हा दिवस एकाच तारखेला येणं हा निव्वळ योगायोग आहे. पण त्यांचं आयुष्य नीट वाचलं, तर त्या दिवशी बोलायला यापेक्षा चांगला विषय सापडणार नाही.

आपल्या वाशीममध्ये २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. म्हणजे इथली मुलंमुली आता इथेच पहिल्यांदा मृतदेहासमोर उभी राहतील, पहिली नाईट ड्युटी करतील, आणि हातात हात असलेला पेशंट जाताना पहिल्यांदा पाहतील. नर्सिंगच्या मुली तर हे आधीपासून पाहत आल्या आहेत. त्यामुळे कोटणीसांची गोष्ट फार लांबची नाही.

सोलापूरचा डॉक्टर

कोटणीसांचं घर मध्यमवर्गीय. भावंडं बरीच. द्वारकानाथ अभ्यासात हुशार निघाला आणि मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाला. पुढे शिकायचं, मोठा सर्जन व्हायचं, घराला हातभार लावायचा, असा साधासरळ रस्ता समोर होता. आजच्या कुठल्याही एमबीबीएसच्या मुलासमोर असतो तसाच.

१९३७ च्या जुलैमध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला चढवला. शहरं पडत गेली. जखमींची गणती नव्हती आणि डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चीनच्या आठव्या रूट आर्मीचे सेनापती झू द यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टर आणि औषधं पाठवण्याची विनंती केली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी देशाला आवाहन केलं. आपण स्वतः पारतंत्र्यात होतो, तरी लोकांनी दुसऱ्या देशासाठी पैसे गोळा केले, औषधं आणि एक रुग्णवाहिका पाठवायची ठरली.

डॉक्टर पाच निवडले गेले. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल. कोलकात्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर. आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. कोटणीसांना तेव्हा अठ्ठाविसावं वर्षही पूर्ण झालेलं नव्हतं.

१ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईच्या बंदरातून त्यांचं जहाज निघालं. तेव्हा बऱ्याच घरांना चीनची ओळख म्हणजे दारावर रेशमी कापड विकायला येणारे फेरीवाले, एवढीच होती. मुलगा तिकडे, तेही लढाईत चाललाय म्हटल्यावर आईच्या जिवाचं काय झालं असेल, याची कल्पना करता येते. पण कायमचं राहायला कुणीच निघालं नव्हतं. काम करायचं आणि परत यायचं, असंच पाचही जणांच्या मनात होतं.

तार आली तेव्हा

कँटनला उतरून, हँकोमार्गे मजल दरमजल करत पथक चुंगकिंगला पोचलं. बाँब पडायचे, शहरं रिकामी होत होती. चीनमध्ये या पाचही जणांना चिनी नावं मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी एकच अक्षर होतं, हुआ. म्हणजे चीन. कोटणीसांचं नाव झालं के दीहुआ. आजही तिकडे त्यांना याच नावाने ओळखतात.

पथक येनानकडे निघायच्या तयारीत असतानाच सोलापूरहून बातमी आली. वडील गेले.

इथे जरा थांबू या. घरापासून हजारो मैलांवर, तोंडओळखीच्या माणसांत, समोर युद्ध, आणि बाप गेल्याची बातमी. अंत्यदर्शन नाही, दहावा-तेरावा नाही, आईच्या शेजारी बसणं नाही. सहकाऱ्यांनी त्यांना घरी जायला सुचवलं. कोटणीस गेले नाहीत. आलोय ते काम आधी करायचं, असं त्यांनी ठरवलं.

हा निर्णय मोठा होता, यात शंका नाही. पण दुःख बाजूला ठेवून कामाला लागायची सवय आरोग्याच्या क्षेत्रात फार लवकर लागते, आणि ती नेहमीच चांगली असते असं नाही. इमर्जन्सीच्या वेळी ते करावंच लागतं. प्रश्न असा, की बाजूला ठेवलेलं ते दुःख नंतर कधी उघडून पाहिलं जातं का? पुढच्या चार वर्षांत कोटणीसांना तशी उसंत किती मिळाली असेल, हे त्यांच्या कामाकडे पाहिलं की कळतं.

गुहेतलं हॉस्पिटल

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचलं. हा सगळा भाग पिवळ्या मातीच्या डोंगरांचा. विमानांच्या बाँबपासून वाचण्यासाठी लोक डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये राहायचे. शाळा गुहेत, कचेरी गुहेत आणि हॉस्पिटलही गुहेत. खायला भरडधान्य, कडाक्याची थंडी, औषधांचा कायमचा तुटवडा.

हळूहळू पथक विरळ होत गेलं. १९३९ मध्येच डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी परतले. मुखर्जींना मूत्रपिंडाच्या दुखण्याने गाठलं होतं. डॉ. अटल यांनाही १९४० मध्ये तब्येतीमुळे मायदेशी यावं लागलं. राहिले दोघे, बसू आणि कोटणीस.

जे परतले त्यांची गोष्ट आपल्याला कुणी सांगत नाही. पण ते पळून आले नव्हते. युद्धाच्या तोंडी जाऊन, काम करून, शरीराने नाही म्हटल्यावर त्यांनी ते ऐकलं. डॉक्टर असल्यामुळे त्यांना त्याचा अर्थही कळत होता. पुढे सारं बोलणं कोटणीसांबद्दल झालं आणि ही चार नावं मागे पडली. ती लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहेत.

७२ तास

१९४० मध्ये बसू आणि कोटणीस जपानी फौजांच्या रांगांमधून वाट काढत उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, लढाईच्या अगदी जवळ पोचले. इथे त्यांच्या आधी एक कॅनडाचे सर्जन काम करून गेले होते, डॉ. नॉर्मन बेथ्यून. शस्त्रक्रिया करताना बेथ्यून यांचं बोट कापलं, जखमेत विष भिनलं आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते वारले. त्यांच्या कबरीपाशी भरलेल्या स्मृतिसभेला दोघे भारतीय डॉक्टर हजर होते. पुढे बसूंना येनानला परत बोलावणं आलं. कोटणीस आघाडीवरच राहिले.

त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून चिनी सैन्याने जपान्यांविरुद्ध मोठी मोहीम उघडली. जखमींचे स्ट्रेचर येत राहिले. कोटणीसांच्या तुकडीने काही दिवसांतच आठशेहून जास्त जखमींवर उपचार केले. एकदा तर ते सलग ७२ तास, न झोपता, ऑपरेशन करत राहिले. तीन दिवस आणि तीन रात्री.

कोटणीसांवर कुठलंही भाषण झालं की हे ७२ तास त्यात येतातच. टाळ्याही तिथेच पडतात. त्या तीन दिवसांत जे जगले, त्यांच्यासाठी ते सोन्याचे तास होते. दुसरा डॉक्टर नव्हता. कोटणीस झोपले असते, तर बाहेर रांगेत पडलेला कुणीतरी सकाळपर्यंत मेला असता. त्या रात्री त्यांनी केलं ते बरोबरच होतं.

गडबड पुढे होते. युद्धातली नाइलाजाची गोष्ट आपण रोजच्या कामाचं माप म्हणून वापरायला लागतो. सीनियर म्हणतो, आमच्या वेळी आम्ही ३६ तास उभे असायचो. ज्युनियर मान खाली घालतो. झोप आली हे सांगायची लाज वाटते. रडू आलं हे सांगायची तर त्याहून जास्त.

माणसांत राहिलेला माणूस

कोटणीस इतकी वर्षं टिकले कशावर, हेही पाहायला हवं. फक्त निर्धारावर कुणी टिकत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ते भाषा शिकले. नुसतं काम चालेल इतकी नाही. चिनी बोलायला आणि वाचायलाही शिकले. पेशंटला कुठे दुखतंय ते दुभाष्याशिवाय कळायला लागलं, आणि आपलं दुःख, आपली गंमत सांगायलाही समोर माणसं मिळाली. परक्या मुलखात भाषा नसेल तर माणूस आतल्या आत कोंडतो. मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या पोस्टिंगवर गेलेल्या डॉक्टरांना विचारा, कोरकू किंवा गोंडी चार वाक्यं यायला लागल्यावर काय फरक पडतो ते.

दुसरी गोष्ट, ते शिकवत होते. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्याच नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. हॉस्पिटल कसलं, खेड्यातली घरं आणि अंगणं. हल्ल्याची चाहूल लागली की सगळा बाडबिस्तरा उचलून दुसऱ्या गावी. तिथेच ते नव्या मुलांना सर्जरी शिकवायचे. आपण गेलो तरी हे हात काम करतील, असे हात ते तयार करत होते.

तिसरी गोष्ट म्हणजे त्यांनी तिथे घर केलं. नर्सिंग शिकवणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी त्यांची ओळख झाली, मैत्री झाली आणि १९४१ च्या अखेरीस लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. वडिलांच्या निधनानंतर चार वर्षांनी, युद्धाच्या धुमाळीत, या माणसाच्या कुशीत त्याचं स्वतःचं लेकरू आलं.

भाषा, विद्यार्थी, जोडीदार, लेकरू, गावातली माणसं. इंग्रजीतून आलेला ‘रेझिलिअन्स’ हा शब्द आपण हल्ली फार ऐकतो. पडल्यावर पुन्हा उभं राहायची ताकद, असा त्याचा साधा अर्थ. ती ताकद एकट्याच्या छातीत साठवलेली नसते. ती अशा नात्यांमधून येत राहते. कोटणीसांकडे ती भरपूर होती.

डॉक्टरचा पेशंट कोण?

उणीव दुसरीकडे होती. कोटणीसांना फिट येत होत्या. अपस्मार. आपल्याकडे मिरगी म्हणतात तो आजार. पुढे पुढे झटके वरचेवर यायला लागले. आजूबाजूच्यांना दिसत होतं. वरिष्ठांनी सांगितलं, सहकाऱ्यांनी सांगितलं: काम थांबवा, सुरक्षित ठिकाणी जा, उपचार घ्या. कोटणीस थांबले नाहीत.

मेडिकलच्या मुलांना माहीत असेल, बाकीच्यांसाठी सांगतो. ज्याला अपस्मार आहे त्याच्यासाठी झोप म्हणजे औषधाइतकीच महत्त्वाची गोष्ट. झोप तुटली, फार थकवा आला, ताण वाढला, की झटका येण्याची शक्यता वाढते. अपस्मारावरची काही औषधं तेव्हा जगात निघाली होती, पण वेढा पडलेल्या त्या डोंगरांत साधी मलमपट्टी मिळायची मारामार, तिथे ती गोळी कुठून येणार? म्हणजे हातात असलेला एकच उपाय होता, विश्रांती. आणि तोच त्यांनी घेतला नाही.

समजा, असाच एखादा सैनिक त्यांच्यासमोर आला असता. वरचेवर फिट येतात, झोप नाही, काम सुटत नाही. कोटणीसांनी त्याला काय सांगितलं असतं? आधी खाटेवर झोपवलं असतं. रागावून झोपवलं असतं. स्वतःला मात्र त्यांनी तो पेशंट मानलंच नाही.

ते काम करत राहिले. शिकवत राहिले. विद्यार्थ्यांसाठी सर्जरीचं पुस्तकही लिहायला घेतलं होतं. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनंतर, डॉ. कोटणीस गेले. वय ३२. पुस्तक अर्धं राहिलं. यिनहुआ साडेतीन महिन्यांचा होता.

त्यांच्या मृत्यूचं सगळं खापर जागरणांवर फोडणं बरोबर नाही. आजार होता, औषध नव्हतं, युद्ध होतं. विश्रांती घेतली असती तर वाचलेच असते, असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण विश्रांती घ्यायला हवी होती, हे त्या वेळी त्यांच्या भोवतीच्या सगळ्यांना कळत होतं. त्यांनाही कळत असणारच. ते डॉक्टर होते.

आपण काय लक्षात ठेवलं?

चीन त्यांना विसरला नाही. उत्तर चीनमधल्या शिच्याच्वांग शहरात त्यांची समाधी आहे, पुतळा आहे. इकडे ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा सिनेमा काढला. कोटणीसांची भूमिका शांतारामांनी स्वतः केली. सोलापुरात त्यांचं स्मारक आहे. गुओ चिंगलान नंतर अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. मुलगा यिनहुआही वैद्यकीय शिक्षणाकडे वळला होता, पण १९६७ मध्ये ऐन तारुण्यात तोही गेला. चिंगलान यांचं निधन २०१२ मध्ये झालं. नवऱ्यानंतर सत्तर वर्षं.

त्यागाच्या गोष्टीत हा सत्तर वर्षांचा आकडा सहसा येत नाही.

आणि ते चार जण? त्यांतले डॉ. बसू १९४३ मध्ये भारतात परतले. पुढे ते पुन्हा चीनमध्ये गेले, तिथे अॅक्युपंक्चर शिकले आणि ती उपचारपद्धती त्यांनी भारतात रुजवली. परत आले म्हणून त्यांची सेवा थांबली नाही. ती पुढे कित्येक वर्षं चालली. जगलेला डॉक्टर उद्याही पेशंट पाहतो. हिशोब इतका साधा आहे.

शपथेत झालेला बदल

डॉक्टर होताना जी शपथ घेतात, तिचं आजचं जगमान्य रूप म्हणजे जिनिव्हा घोषणापत्र. जागतिक वैद्यकीय संघटनेने ते १९४८ मध्ये तयार केलं. पेशंटचं हित, गुरूंचा आदर, गुप्तता, सगळं त्यात होतं. डॉक्टरच्या स्वतःच्या तब्येतीबद्दल मात्र एक शब्द नव्हता. तो आला २०१७ मध्ये. उत्तम सेवा देता यावी म्हणून मी माझ्या स्वतःच्या आरोग्याकडेही लक्ष देईन, अशा अर्थाचं वचन त्यात घालण्यात आलं. कोटणीसांच्या मृत्यूला तेव्हा ७५ वर्षं झाली होती.

म्हणजे स्वतःची काळजी घेणं ही आता डॉक्टरची चैन नाही, कर्तव्य आहे. पेशंटशी बांधलेलं कर्तव्य.

आपल्याकडेही याची दखल घेतली जातेय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्यासाठीच्या ऑनलाइन पाहणीत पंचवीस हजारांहून जास्त एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी भाग घेतला. त्यांतल्या २७.८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. निवासी डॉक्टरांचं काम आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नसावं, आठवड्याची सुट्टी मिळावी आणि रोज सात-आठ तास झोप मिळावी, अशी शिफारस या दलाने केली. कोटणीसांनी एका दमात ७२ तास काम केलं, आणि आज अख्ख्या आठवड्याची मर्यादा ७४ तासांची सुचवली जाते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वॉर्डात चार नर्स लागत असताना एकच असेल, तर तिला ध्यान करायला सांगून प्रश्न सुटत नाही. माणसं भरावी लागतात, ड्युट्या नीट लावाव्या लागतात. ती जबाबदारी व्यवस्थेची. स्वतःशी नीट वागायचं म्हणजे व्यवस्थेला माफ करायचं, असं नव्हे. उलट स्वतःला माणूस मानणाराच आपल्या हक्काची झोप मागू शकतो.

स्वतःवर माया म्हणजे काय?

मानसशास्त्रात यासाठी ‘सेल्फ-कम्पॅशन’ असा शब्द आहे. अमेरिकेतल्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ पासून त्यावर काम केलंय. मराठीत म्हणू, स्वतःवर माया. तिचे तीन भाग त्या सांगतात. एक, चूक झाली किंवा हरलो तर स्वतःला शिव्या न घालता मित्रासारखं समजावणं. दोन, हे माझ्या एकट्याच्याच वाट्याला आलेलं नाही, सगळ्या माणसांचं असं होतं, हे ओळखणं. तीन, वाईट वाटतंय हे मान्य करणं; ते दाबायचंही नाही आणि त्यात वाहूनही जायचं नाही.

ही स्वतःची कीव नाही आणि कामचुकारपणाही नाही. सोपी परीक्षा सांगतो. तुमच्या रूममेटच्या हातून आज पहिल्यांदा सलाईन लावताना तीनदा सुई चुकली. पेशंटची आई ओरडली. तो खोलीवर येऊन गप्प बसलाय. तुम्ही त्याला काय सांगाल? तू नालायक आहेस, हे फील्ड तुझं नाही, असं सांगाल? नाही ना. सांगाल, अरे सगळ्यांची चुकते, उद्या सिस्टरला विचारून पुन्हा कर, आधी जेवून घे. मग हेच स्वतःला सांगायला काय हरकत आहे?

काही साध्या गोष्टी आत्तापासून सवयीत आणता येतील:

- पहिला पेशंट दगावला की त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. सीनियर, मॅडम, मित्र, कुणीही. दहा मिनिटं पुरतात. काय झालं आणि आपल्याला काय वाटलं, दोन्ही सांगा.
- ड्युटी संपली की चार्ज नीट द्या आणि खरंच निघा. पुढचा माणूस सांभाळेल यावर विश्वास ठेवणं हाही टीमवर्कचाच भाग आहे.
- झोप ही कमाई समजा. परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा.
- आजार लपवू नका. अपस्माराचंच घ्या. आज योग्य औषधांनी दहापैकी सात जणांचे झटके पूर्ण थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कोटणीसांना न मिळालेली गोळी आज सरकारी दवाखान्यात मिळते. लाजून ती न घेणं हा वेडेपणा आहे.
- जवळचे चार जण थांब म्हणत असतील, तर ते काय बघताहेत हे त्यांना विचारा. आपला थकवा आपल्याला सगळ्यांत शेवटी दिसतो.
- मन फार जड झालं, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे. मोफत, चोवीस तास आणि मराठीतही.

यातलं बरंच काही मेडिकलच्या मुलांपुरतं नाही. आपल्या जिल्ह्यात कुणाची आई आशा सेविका आहे. पावसात, रात्री-अपरात्री, ती पेशंट घेऊन तालुक्याला जाते आणि सकाळी पुन्हा सर्व्हेला निघते. कुणाची बहीण उपकेंद्रात एएनएम आहे. कुणी घरात अंथरुणाला खिळलेल्या आजीचं सगळं करतंय. या बायकांना आपण फार खंबीर आहेत म्हणतो आणि तिथेच थांबतो. आज घरी गेल्यावर तिच्या हातातलं एक काम घ्या आणि तिला तासभर पडू द्या. खंबीर माणसालाही पाठ टेकावी लागते.

डॉ. कोटणीस मोठे होते. परक्या देशातल्या माणसांसाठी त्यांनी जे केलं, ते करायला फार मोठं काळीज लागतं. त्या मायेतली थोडी त्यांनी स्वतःलाही दिली असती, तर त्यांचं मोठेपण तसूभरही कमी झालं नसतं. यिनहुआला कदाचित वडील मिळाले असते. सोलापूरच्या घरात कदाचित एक दिवस दारात उभा राहिलेला मुलगा दिसला असता. त्या अर्धवट राहिलेल्या पुस्तकाची शेवटची पानं त्यांच्याच हातची असती.

यंदा १० ऑक्टोबरला कॉलेजात पोस्टर लागेल, तेव्हा त्याखाली त्यांचंही नाव लिहा. आणि त्या रात्री हॉस्टेलमध्ये दोन वाजता कुणी डोळे चोळत पुस्तकापुढे बसलेलं दिसलं, तर त्याला ही गोष्ट थोडक्यात सांगा आणि खोलीचा लाईट बंद करा.